पालथा तांब्या
पितळी तांब्या चिंचेने घासायला घेतला की त्या आंबट वासाबरोबर मला ती दुपार आठवते. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसाने आमच्याकडे पाठ फिरवली होती. चर्चच्या आवारातल्या हापशाचं पाणी आटू नये म्हणून आम्ही त्याला कुलूप घातलं होतं, आणि त्या आठवड्यात किल्ली माझ्या पदराला बांधलेली होती. उत्तम शुक्रवार होता. बाहेर झळा लागत होत्या, म्हणून दार लावून क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना चालली होती. पाळक पाचव्या उद्गारावर, प्रभूच्या तहानेवर आले, आणि बाहेरून कडी वाजली. तीनदा, हळूच. मी उठले, तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला. "बस गं. पानीच मागत असंल, थांबंल की." मी बसले. बसले आणि प्रभूच्या तहानेसाठी डोळेही पुसले. तीन वाजता दार उघडलं तेव्हा पायरीवर हा तांब्या पालथा ठेवलेला होता. आतून कोरडा ठाक, आणि इतक्या उन्हात हाताला गार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वस्तीत घरोघर विचारलं, पण तो कोणाचाच नव्हता. संध्याकाळी मी हापशाचं कुलूप काढून टाकलं. आता दर उत्तम शुक्रवारी मी हा तांब्या भरून दाराशीच बसते, दार सताड उघडं ठेवून. कडी माझ्या डोळ्यांसमोर लोंबत असते, जराही हलत नाही, आणि पाचव्या उद्गाराला ती मला तीनदा ऐकू येते.