छोट्या खोलीची फरशी

फरशीवाल्या मिस्त्रीला सगळं गाव 'टकटक' म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्याला ते माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. फरशी बसवून झाली, खालचं सिमेंट सुकलं, की हा माणूस गुडघ्यांवर बसून थापीच्या मुठीने एकेक फरशी ठोकत खोलीभर रांगायचा. खाली सिमेंट नीट भरलेलं असेल तर आवाज भरीव येतो, पोकळी राहिली असेल तर लगेच वेगळा येतो. बाकीचे मिस्त्रीही ठोकतात, नाही असं नाही, पण चार इकडे, चार तिकडे ठोकून हात झटकतात. हा एकही सोडायचा नाही. कपाटामागची, पलंगाखालची, जिच्याकडे पुढची पन्नास वर्षं कुणी ढुंकून बघणार नाही अशीसुद्धा. आणि एखादी पोकळ निघाली, तर मालकाने हात जोडले तरी ती उखडायचाच. लोक वैतागायचे, नावं ठेवायचे, आणि पुढच्या कामाला पुन्हा त्यालाच बोलवायचे. टकटकने मान डोलावली की घरमालक निर्धास्त झोपायचा.

त्याची बायको बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसायची. सकाळपासून काचेच्या त्या भोकातून लोकांचं एकच: ही गाडी कधी, ती गाडी कुठे, चुकली तर दुसरी कोणती. उत्तरं देऊन देऊन तिचं बोलणं आखूड झालं होतं. घरी नवऱ्याने "भाजी कसली आहे?" विचारलं तरी ती "हिरवी" म्हणून मोकळी व्हायची. पण एक गोष्ट मात्र ती वर्षानुवर्षं न कंटाळता बोलत आली होती. युरोपातल्या एका शहराचं चित्र तिच्या खिडकीत, वेळापत्रकाच्या शेजारी चिकटवलेलं होतं. नदी, तिच्यावर दगडी पूल, पलीकडे उंच मनोऱ्यांचं मोठं चर्च. "साऱ्या जगाला गाडीत बसवून दिलं मी," ती म्हणायची, "आता एकदा मला कुणीतरी बसवून द्या."

बसवून द्यायला अकरा वर्षं लागली, कारण अकरा वर्षं दोघं वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होती. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, नातेवाइकांचे फुकटचे सल्ले झाले. मग दोघांनी तो विषयच बंद केला आणि प्रवासासाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. तिकिटं काढून झाली, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी तिला दिवस गेल्याचं कळलं. आता याला काय म्हणायचं! मिस्त्री दोन दिवस थापी उलटी धरून काम करत होता म्हणे.

तिकिटं रद्द करायची गोष्ट त्याने काढली तेव्हा ती म्हणाली, "कशाला? तेव्हा सहावा महिना असेल. डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी. चालतं म्हणाल्या, चिठ्ठी देतील."

"आणि आई?"

"आईंना तुम्ही विचारा."

आईने कपाळाला हात लावला. "अशा दिवसांत कुणी हिंडतं का रे? हिच्या पायाला भिंगरी लागली आहे, आणि तू तिच्या मागे निघालास मान हलवत!"

पण मिस्त्रीला स्वतःलाच जायचं होतं, त्यालाही एक कारण होतं. घरातली छोटी खोली त्याने बाळासाठी रिकामी केली होती आणि तिथे नवी फरशी घालायची होती; ती पक्की सुकेपर्यंत घरात कुणी नसलेलंच बरं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांत फरश्या घातल्या, स्वतःच्या घरात अजून जुनी फुटकी शहाबादी. निघायच्या आदल्या दिवशी त्याने ती खोली पुरी केली. फिकट, किंचित खरबरीत फरशी, पोर घसरू नये म्हणून. दाराच्या चौकटीत आडवी फळी ठोकली आणि सगळ्यांना बजावलं, "आठ दिवस आत पाय ठेवायचा नाही. आणि आठ दिवसांनंतरही नाही. या फरशीवर पहिलं पाऊल बाळाचं पडणार."

"आणि बाळाला चालायला येईपर्यंत?" बायकोने विचारलं.

"मी उचलून टेकवीन पाय. तेवढी अक्कल आहे मला."

आईला त्याने बहिणीकडे पोचवलं, कारण आईचे पाय त्या खोलीकडे वळणार नाहीत याचा त्याला भरवसा नव्हता. आणि दोघं निघाली. दोघं कसली, तिघं.

गेल्या महिन्याभरापासून रोज संध्याकाळी कामावरून आला की हातपाय धुऊन तो बायकोपुढे बसायचा आणि तिच्या पोटावर एका बोटाने हलकेच दोनदा ठोकायचा. टकटक. आतून लगेच लाथ यायची. कधी एक, कधी दोन. "बघा, बापाला कसं उत्तर देतंय," ती म्हणायची. "मला नाही देत. मी दिवसभर विचारते." हा खेळ विमानातही झाला, आणि शेजारचा परदेशी म्हातारा पेपर खाली करून बघत राहिला.

शहर चित्रातल्यासारखंच निघालं, फक्त जास्त थंड. लॉजची खोली एवढीशी, खिडकीतून समोरच्या घराचं छप्पर आणि धुराडं. पहिल्या दिवशी तिने काय बघावं? ट्रामच्या स्थानकातली चौकशीची खिडकी! रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर बोटांनी, नकाशाने, तोडक्यामोडक्या इंग्रजीने पुलाकडे जाणारी ट्राम विचारली, आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा रांगेत उभी राहून परतीची विचारली. आतली बाई पिकल्या केसांची, चष्मा नाकावर ओघळलेला. तिसऱ्यांदा रांगेत दिसल्यावर त्या बाईने ओळखून हसत मान हलवली. "किती सुख आहे हो नुसतं विचारण्यात," बायको म्हणाली. "मला उगाच वाटायचं लोक त्रास देतात."

दोन दिवस असे मजेत गेले. पूल झाला, नदीकाठ झाला, पुलाच्या टोकाला असलेल्या मनोऱ्याच्या पायऱ्या तिने खालूनच मोजल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉजवर आल्यावर ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "आज शांत आहे फार. तुम्ही बघा बरं."

तो पुढ्यात बसला. टकटक. काही नाही. त्याने पुन्हा ठोकलं, मग तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"काय?" तिने विचारलं.

"झोपलंय," तो जरा मोठ्यानेच म्हणाला. "दिवसभर दगडी रस्त्यांवरून झोके मिळाले, झोपणार नाही तर काय करणार?"

"नक्की?"

"नक्की."

आता गावात कुणालाही विचारा, टकटकने नक्की म्हटलं की कुणी पुढे शब्द काढत नसे. तिनेही काढला नाही. मान हलवली आणि पाय वर घेतले.

दुसऱ्या दिवशी चर्च. त्या दिवशी आखूड बोलणारी ती बाई सकाळपासून बोलायची थांबेना. नवऱ्याशी नाही, पोटाशी. "हा बघ पूल. परवा आपण याच्यावर उभे होतो. ही बघ नदी, हिच्यात बदकं आहेत. तो बघ तुझा बाबा, टोपी उलटी घातली आहे त्याने." चर्चमध्ये सगळे प्रवासी माना वर करून छताकडे बघत होते, आणि मिस्त्री खाली. काळ्या-पांढऱ्या संगमरवराची जमीन, शेकडो वर्षांच्या पावलांनी मधोमध झिजलेली, आणि सांधे केसाएवढे. तो नुसता बघत उभा होता. ती म्हणाली, "बसा ना खाली. ठोकून बघा. कुणी बघत नाहीये."

"शोभतं का?"

"मला बघायचंय. आम्हाला दोघींना." पहिल्यांदाच ती 'दोघींना' म्हणाली. मुलगी होणार असं तिने कधी ठरवलं, त्याला माहीत नव्हतं.

तो बसला. बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला, दोन हात पुढे सरकला. एक पहारेकरी आला तेव्हा बायकोने खाणाखुणांनी त्याला समजावलं की हा माणूस या कामातला आहे, आणि पहारेकरी हसत निघून गेला. ती बाकावर बसून बघत होती, दोन्ही हात पोटावर. आपल्या संसारात ती इतकी खूश कधी दिसली होती, हे मिस्त्रीला आठवेना. त्याच्या मनात कालपासून जे कुरतडत होतं ते त्याने दाबून टाकलं. तिचा हा दिवस तरी नीट जाऊ दे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

चर्चमधून बाहेर आल्यावर, पायऱ्यांवर, ती म्हणाली, "आता दवाखान्यात जाऊ."

ती सरळ ट्रामच्या स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीपाशी गेली. पुढे चार माणसं उभी होती, तिने कुणाला जुमानलं नाही. काचेवर हात ठेवला, दुसरा हात पोटावर, आणि एकच शब्द म्हणाली, "हॉस्पिटल." आतल्या बाईने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीत 'बंद'ची पाटी लावली, कोट घेतला आणि बाहेर आली. रांगेतले लोक कुरकुरले, तिने लक्ष दिलं नाही. बायकोने आपल्या खिडकीत इतक्या वर्षांत वेळेआधी अशी पाटी एकदाही लावली नव्हती. ती बाई त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसून दवाखान्यापर्यंत आली.

तिथे पोटावर थंड मलम लावलं, यंत्र फिरवलं. नर्सने पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला. डॉक्टर आले, त्यांनीही बघितलं, पुन्हा बघितलं. मग आपली भाषा बोलणारं कुणीतरी फोनवर शोधलं गेलं. बिचारा कुठला कोण, तरुण आवाज होता. "डॉक्टर म्हणतात," तो म्हणाला आणि थांबला. "डॉक्टर म्हणतात, ठोके लागत नाहीत. दीड-दोन दिवस झाले असावेत. त्यांना फार वाईट वाटतंय."

"लवकर आलो असतो तर?" मिस्त्रीने विचारलं.

तिकडे बोलणं झालं. "डॉक्टर म्हणतात, ते कुणालाच सांगता येणार नाही."

मुलगीच होती. नर्सने पांढऱ्या कापडात गुंडाळून आणली तेव्हा मिस्त्रीला फक्त पाय बघायचे होते. पाऊल त्याच्या अंगठ्याएवढं, पाचही बोटं नीट, नखांसकट. कसलीच कसर नव्हती. तो हुंदके देऊन रडला. बायको रडली नाही, ती लेकीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, ते त्याला ऐकू आलं नाही. निघताना नर्सने एक कार्ड दिलं, त्यावर शाईने उमटवलेली दोन पावलं. बायकोने ते पर्समध्ये, पासपोर्टच्या कप्प्यात ठेवलं.

घरी आल्यावर आई बोलणार, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं. पण ती सुनेसमोर पाट ठेवून म्हणाली, "पाय सुजलेत तुझे. वर घे." आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, स्वच्छ होती तीच.

मिस्त्री कामाला लागला. फरश्या घालायचा, सांधे भरायचा, पण ठोकायचा बंद झाला. एका घरमालकाने आपणहून विचारलं, "मिस्त्री, ठोकून नाही बघायची?" तर म्हणाला, "तुम्हीच बघा." गावात कुजबुज झाली. बायको खिडकीत बसू लागली, गाड्यांच्या वेळा बिनचूक सांगू लागली, शेजारचं चित्र तिने काढलं नाही. छोट्या खोलीच्या दारातली फळी तशीच होती. तीन महिने दोघं तिच्यावरून नजर चुकवत जात-येत राहिली. घरात भांडण नव्हतं. भांडण असतं तर परवडलं असतं. ती आपल्याला दोष देते आहे, हे मिस्त्रीने मनाशी पक्कं धरलं होतं, आणि ती तोंडाने म्हणत नाही याने तो जास्त खचत होता.

एका सुटीच्या सकाळी ती हातोडी घेऊन आली आणि म्हणाली, "ही फळी काढा."

"कशाला?"

"फरशी तपासली नाही तुम्ही ही. काम अर्धवट आहे."

त्याने फळी काढली आणि उंबऱ्याशीच थांबला. पाय पुढे टाकवेना. तिला कळलं. ती मधल्या खोलीतून पर्स घेऊन आली, कार्ड काढलं, खाली बसून दारातून हात लांब केला आणि पहिल्या फरशीवर ते उपडं ठेवलं. वरून तळहाताने दाबलं. काही वेळ तसंच धरलं, मग उचललं. फरशीवर काही उमटलं नव्हतं.

"झालं," ती म्हणाली. "जा आता आत."

तो गुडघ्यांवर बसला आणि थापीच्या मुठीने ठोकू लागला. पहिली रांग झाली, दुसरी झाली. ती उंबऱ्यात टेकून ऐकत होती. तिसऱ्या रांगेच्या मध्यावर तिने विचारलं, "त्या संध्याकाळी लॉजवर तुम्हाला कळलं होतं ना?"

हात थांबला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"हो," तो म्हणाला. "म्हणजे, वाटलं होतं. हाताखाली काहीतरी निराळंच लागलं. पण तुझं तोंड बघितलं आणि झोपलंय म्हणून बसलो. मी खोटं बोललो गं. तेव्हाच नेलं असतं तर कदाचित..."

"मला सकाळीच कळलं होतं."

आता तो वळला.

"सकाळी उठले तेव्हाच," ती म्हणाली. "एवढ्या दिवसांत सकाळी एकही लाथ आली नाही असं कधी झालं नव्हतं. दिवसभर तुमच्याबरोबर हिंडले आणि तोंडातून शब्द काढला नाही. मग संध्याकाळी तुम्हाला विचारलं, कारण तुम्ही झोपलंय म्हणाल हे मला माहीत होतं. तुम्ही तसं म्हणावं म्हणूनच विचारलं. मला अजून एक दिवस हवा होता, आपल्या तिघांचा."

तिने पदर तोंडाला लावला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. तो फरशीवरून गुडघ्यांनीच सरकत तिच्यापाशी आला आणि शेजारी बसला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "राहिलेल्या बघा."

तो उठला आणि तिसऱ्या रांगेत जिथे थांबला होता तिथून पुन्हा ठोकायला लागला. खिडकीपर्यंत गेला, कोपऱ्यातल्याही बघितल्या.

"एकही पोकळ नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

तिच्याकडे बघताच त्याचे डोळे पुन्हा भरून आले. तो परत पहिल्या फरशीपाशी येऊन बसला आणि सगळ्या पुन्हा एकदा तपासायला लागला.