हवालदार मास्तरांचा शिवणवर्ग

शिवण शिकायला लागलं की कापडापेक्षा चिंध्या जास्त साठतात. आणि चिंध्यांपेक्षाही जास्त साठतात ते किस्से! चिंध्या मी कधीच गोधडीत घातल्या. किस्से कशात घालायचे? म्हणून सांगते.

लढाईचे दिवस. माझे मालक पलटणीत. आम्ही पलूसच्या तिघी सुना शिवण शिकायला निघालो: मी, हौसाक्का आणि सोनाबाई. मास्तर मिळाले ते पलटणीतनं पेन्शनीत आलेले दर्जी. उभ्या जन्मात त्यांनी वर्दीशिवाय दुसरं काही शिवलंच नव्हतं! मशीन त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत. सारा गाव त्यांना हवालदार मास्तर म्हणायचा.

पहिल्या दिवशी मास्तरांनी खडूनं फरशीवर चोळी काढून दाखवली. खांद्यावर पट्ट्या, पुढं दोन खिसे, खिशांना झाकणं!

हौसाक्का म्हणाली, "आवं मास्तर, चोळीला खिसं कशाला?"

मास्तर तिच्याकडं बघतच राहिले. "मग काडतुसं कुठं ठिवशील?"

* * *

हौसाक्काला आकडे येत नव्हते. तिनं दिराच्या बंडीचं माप सुतळीवर घेतलं. खांद्याला एक गाठ, छातीला दोन, उंचीला तीन. सुतळी जपून खुंटीला अडकवली.

सकाळी ती बघते तर सुतळी सरळसोट! एक गाठ न्हाई.

तिची सासू कौतुकानं म्हणाली, "केवढा गुंता करून ठिवलावतास गं! सगळ्या गाठी सोडवल्या, तवाच जेवले."

बंडी शेवटी अंदाजानं झाली. दिराला आली न्हाई. पण पाण्याच्या रांजणाला काय बसली म्हणता!

* * *

कापड तेव्हा कंट्रोलचं, मोजूनच मिळायचं. वाया घालवायची सोय नव्हती. मास्तर म्हणाले, आधी पेपरावर शिवा. मी घरातला पेपर घेतला आणि माझ्या तान्ह्याला झबलं शिवून घातलं. हौस, दुसरं काय!

तेवढ्यात सासरे, म्हणजे आमचे मामंजी, रानातनं आले. "आजचा पेपर कुठं हाय?"

मी पाळणा हलवायला लागले. त्यांना पाळण्यात पेपर दिसला. त्यांनी पोराला उचललं, पोटावरची बातमी वाचली. मग उपडं करून पाठीवरची वाचली. आणि एकदम ओरडले, "सूनबाई, फुडची लढाई काखंत गेली की गं! ह्याचा हात जरा वर धर!"

* * *

सोनाबाईचं सगळं घाईत. मास्तरांनी आपली खाकी पँट तिला उसवलेली शिवण घालायला दिली आणि आत जाऊन बसले. सोनाबाईनं शिवण घातली ती पँट आणि स्वतःचा पदर, दोन्ही मिळून! काम झालं, ही उठली आणि तडक बाजाराच्या वाटेला लागली.

पारावरचा एकजण म्हणाला, "आवं वैनी, जरा हळू चाला. मालक मागं फरफटत येत्यात!"

मागनं मास्तर टॉवेलवर दारात. "सोनाबाई, हॉल्ट! घरात दुसरी न्हाई!"

* * *

आता माझं ऐका.

माझ्या नणंदेला बघायला आटपाडीचे पाहुणे येणार होते. मामंजींनी ठेवणीतलं कापड माझ्यापुढं टाकलं. "त्या दिवशी मी तुझ्या हातची पैरण घालणार. जमली तर शीक. न्हाईतर उद्यापास्नं शिवण बंद!"

मी आठ दिवस जीव ओतला. बाह्या झाल्या, कळ्या झाल्या, गळ्याखाली तीन काजं आणि तीन बटणं. फक्त डोकं आत जायला गळ्याखाली जी चीर द्यायची, तेवढीच द्यायची राहिली!

पाहुणे यायच्या वेळेला मामंजींनी पैरण डोक्यावरनं ओढली. हात बाह्यांत गेले. डोकं अडकलं. पैरण खाली येईना, वर जाईना. सासूबाईंनी कात्री आणली तर आतनं गरजले, "खबरदार! कंट्रोलचं कापड हाय!"

तेवढ्यात दारात गाडी थांबली. नणंद चुलीपाशी रडायला लागली. जमायच्या आधीच लग्न मोडणार, आणि तेही माझ्या शिवणापायी!

पाहुणे सोप्यात आले. समोर घोंगड्यावर बिनमुंडक्याची पैरण बसलेली. मधल्या काजातनं एक डोळा त्यांच्याकडं बघतोय.

"रामराम पाव्हणं! बसा. आटपाडीस्नं कवा निघालासा?"

पाहुण्यांनी डोळ्याला नमस्कार केला आणि बसले! चहा झाला. नणंद आली, गेली. मानपानाचं, तिथीचं बोलणं झालं. मामंजी मधूनच माझ्याकडं डोळा फिरवून म्हणाले, "काजं झ्याक जमल्यात गं. शिवण चालू ठेव!"

थोरले पाहुणे उठले. पटका सावरत पैरणीपुढं वाकले. म्हणाले, "पोरगी पसंत हाय. आता एकदा व्याह्याचं तोंड दावा!"