हळदीचा भाव काय धरला?

सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका गावरस्त्याचं अंदाजपत्रक करायला मी नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात गेलो होतो. डांबर, डिझेल, खडी, सगळ्यांचे दर माझ्या वहीत होते. शेजारच्या रस्त्यावर रोलर चालवणारा एक म्हातारा न बोलावताच जवळ आला. बोलण्याआधी टाचेनं जमीन दोनदा ठोकायची त्याला सवय होती.

"हळदीचा भाव काय धरला, साहेब?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "हळद कशाला? रस्ता करायचाय."

"व्हय, पर करणार कोण? भाव चढला की माणसं, ट्रॅक्टर समदे हळदीकडं जातेत. दुप्पट मजुरी देल्याबिगर इकडं कोणी येत न्हाई."

तो जराही हसला नाही, त्यामुळे मी जास्तच गोंधळलो. कार्यालयात वरिष्ठांना विचारलं, तर ते म्हणाले, "हे कोणत्या रकान्यात लिहिणार?" तसा रकाना नव्हताच. ठरलेल्या दरानंच कागद पाठवले.

पुढच्या हंगामात हळद कडाडली आणि आमचं काम अर्ध्यावर थांबलं. नुसत्या खडीवर एसटी येईना. गावातली एक बाई मला म्हणाली, "काहून उकरला रस्ता? पहिला बरा होता की."

मी त्या म्हाताऱ्याला शोधत गेलो. रोलर झाडाखाली उभा होता. चौकीदार म्हणाला, "ते गेले की हळद शिजवायला. तिकडं मजुरी जास्त हाय."

त्याचा राग करावा की त्याची माफी मागावी, मला अजून ठरवता आलेलं नाही.