किटली एकाकडे, झाकण दुसऱ्याकडे

गल्लीत त्यांना सगळे दातवाले म्हणत. दात काढणारे नव्हेत, दात बनवणारे. आसपासचे निम्मे म्हातारे ज्या कवळ्यांनी जेवत आणि हसत, त्या दातवाल्यांच्याच खोलीतून बाहेर पडलेल्या असत. खोली लांबट होती. खिडकीशी टेबल, टेबलावर कानशी, मेणाच्या पट्ट्या, सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले माणसांच्या जबड्यांचे साचे. बायको त्या खोलीला कवट्यांचं दुकान म्हणे आणि केर काढायलासुद्धा आत येताना कुरकुर करी.

त्याच खोलीत समोरच्या भिंतीला एक काचेचं कपाट होतं आणि त्यात चीनमधून आलेल्या मातीच्या जुन्या किटल्या होत्या. कुणी त्यांना चिनी मातीच्या म्हटलं की दातवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. चिनी माती म्हणजे कपबशीची, पांढरी नि गुळगुळीत. या किटल्या झिलई न दिलेल्या, जांभळट तपकिरी मातीच्या, मुठीत मावतील एवढ्याच. ही माती चहा पिते, असं ते आल्यागेल्याला सांगत. म्हणून एका किटलीत जन्मभर एकाच जातीचा चहा करायचा, तिला साबण लावायचा नाही, रोज वरून थोडा चहा ओतून फडक्याने पुसत राहायचं, मग कधीतरी मातीला आतून तकाकी येते. स्वतः दातवाले सकाळचा चहा स्टीलच्या पेल्यातून भुरके मारत पीत. बायकोने त्यावर टोमणा मारला नाही असा दिवस सहसा जात नसे.

त्यांना हे वेड लागलं ते चहापायी नव्हेच, झाकणापायी. तरुणपणी एका जुन्या बाजारात त्यांनी अशी एक किटली सहज हातात घेतली आणि तिचं झाकण गोल फिरवलं. ते कुठे अडखळलं नाही, डुगडुगलं नाही, कसला आवाजही झाला नाही. माणसाच्या हिरडीवर कवळी अशी बसावी म्हणून दातवाले दिवस दिवस कानस चालवत, तरी गिऱ्हाईक दोन महिन्यांनी तक्रार घेऊन येईच. आणि इथे कुणा परक्या कुंभाराने शंभरेक वर्षांपूर्वी दोन मातीचे तुकडे असे जुळवले होते की मध्ये केस शिरू नये. त्या दिवशी त्यांना स्वतःच्या कामाची लाजच वाटली. त्यानंतर ते किटल्या गोळा करू लागले.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात देखणी किटली मात्र त्यांच्याकडे बिनझाकणाची होती. कुठल्याशा घरात दोन भावांच्या वाटण्या झाल्या, भांडण इतकं हातघाईवर आलं की एकाने किटली घेतली आणि दुसऱ्याने केवळ खोडसाळपणाने तिचं झाकण. दोघांनीही पुढे आपापला वाटा भंगारात घातला. किटली फिरत फिरत दातवाल्यांकडे आली. झाकण मिळालं कप्तानांना.

कप्तान हे कधी कप्तान नव्हते. बोटीवर कोठाराचे कारकून होते, पण टोपी घालण्याची ढब अशी की नाव पडलं ते पडलंच. दातवाल्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, बायको गेलेली, बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीजवळ राहत. त्यांनाही किटल्यांचा नाद होता. ते झाकण त्यांनी आतल्या बाजूच्या, कुंभाराच्या इवल्याशा शिक्क्यासाठी घेतलं होतं. दातवाल्यांच्या किटलीच्या बुडाला तोच शिक्का आहे हे बोलण्याबोलण्यातून निघालं, आणि दुसऱ्याच दिवशी कप्तान झाकण रुमालात गुंडाळून हजर झाले. दोघांनी श्वास रोखून ते किटलीवर ठेवलं. ते बसलं. पाणी भरून ओतायला घेतलं आणि झाकणाच्या बोंडावरचं भोक बोटाने दाबलं तशी तोटीतली धार जागच्या जागी थांबली. अस्सल जोडी असल्याशिवाय असं होत नाही. दोघंही म्हातारे शाळकरी पोरांसारखे हसत सुटले.

हसून झाल्यावर दातवाल्यांनी झाकण मागितलं. कप्तानांनी किटली मागितली. एकही जण ढिला होईना. शेवटी असं ठरलं की दर रविवारी दोघांनी आपापली वस्तू आणायची, एकत्र चहा करायचा आणि उठताना आपापली वस्तू घेऊन जायचं.

"आणि आपल्यातला जो मागे राहील, त्याची अख्खी किटली," कप्तान म्हणाले.

दातवाले यावरही हसले. पण कप्तान जिना उतरून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण त्यांच्या पावलांचा आवाज ऐकतोय, मध्ये ते किती वेळा थांबले ते ऐकतोय. त्यांनी खिडकी लावून घेतली.

पुढची काही वर्षं रविवार चुकला नाही. कप्तानांचे सगळे दात गेले तेव्हा त्यांची कवळीही दातवाल्यांनीच केली. खरं तर तोंडाचं माप डॉक्टरने घ्यायचं आणि दातवाल्यांनी फक्त कवळी करायची, असा नियम. पण ओळखीच्या माणसाला कोण डॉक्टरकडे हेलपाटे घालायला लावतं? दातवाल्यांनी माप घेतलं, प्लास्टरचा साचा ओतला, कवळी केली आणि साचा फळीवर ठेवून दिला. कप्तान त्या साच्याकडे बोट दाखवून म्हणत, मी मेलो तरी तुझ्या घरात तोंड वासून बसणारच. बायकोला हा विनोद मुळीच आवडत नसे.

मग एका रविवारी कप्तान कुरकुरत आले. खालची कवळी आतल्या बाजूने टोचत होती. दातवाल्यांनी खिडकीशी बसवून त्यांच्या तोंडात बोट घातलं, हिरडीवरून फिरवलं आणि बोट एका जागी थांबलं. त्यांनी नवं माप घेतलं. साचा सुकला तेव्हा त्यावर ते अगदी स्पष्ट उमटलं होतं. हरभऱ्याच्या डाळीएवढा, कडा खरखरीत असलेला उंचवटा. जुन्या साच्यावर तिथे काही नव्हतं.

दातवाल्यांना हे काय असू शकतं ते चांगलं ठाऊक होतं. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली ते शिकले, त्यांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं की अशी गाठ दिसली तर कवळी बाजूला ठेव आणि माणसाला त्याच पावली मोठ्या डॉक्टरकडे धाड. त्यांनी आजवर दोन गिऱ्हाइकांना तसं धाडलंही होतं. एकाची बायको तर अजून रस्त्यात भेटली की हात जोडते.

"काय रे, का थांबलास?" तोंडात बोट असताना कप्तानांनी अडखळत विचारलं होतं.

"काही नाही. कवळी घासतेय तिथे."

हे उत्तर कुठून आलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांनी काही ठरवलं नव्हतं. पुढच्या रविवारी सांगू असं ते मनाला सांगत राहिले, आणि तोवर माणसाला त्रास नको म्हणून कवळी आतून कोरून गाठीपुरती जागा करून दिली. जागा अशी बेमालूम झाली की कवळी गाठीला शिवेना. कप्तानांचं दुखणं थांबलं. त्यांनी दातवाल्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, हात आहेत की काय आहेत तुझे. दुखायचं थांबल्यावर डॉक्टरकडे कोण जातं? पुढच्या रविवारी कप्तान खुशीत होते, तेव्हा कशाला त्यांचा रविवार नासवा, असं दातवाल्यांना वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारी तर इतके दिवस का बोलला नाहीस, याचं उत्तर देणं आलं असतं. असे रविवार साठत गेले.

कप्तान वाळू लागले. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती फिरू लागली. बिस्किटं चहात बुडवूनही ती गिळायला वेळ लागू लागला. दातवाल्यांच्या बायकोच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"अहो, कप्तानांचा चेहरा उतरलाय. कुणाला तरी दाखवायला सांगा ना."

वय झालं, एवढंच म्हणून दातवाले कपाट पुसायला लागले. त्यांनी मधल्या फळीवरच्या तीन किटल्या हलवून वरच्या फळीवर दाटीवाटीने लावल्या होत्या. मधोमध जागा मोकळी झाली होती. बायको दारात उभी राहून पाहत होती.

"ही जागा कशासाठी?" तिने विचारलं.

त्यांनी फडकं पुन्हा काचेवरून फिरवलं. ती त्या मोकळ्या जागेकडे बघून आत गेली. तेव्हापासून तिने टोमणे मारणं बंद केलं. दातवाल्यांना त्या गप्प राहण्याची भीती वाटू लागली. जेवताना ती ताटात वाढे, समोर बसे आणि वर बघत नसे.

एका सकाळी कप्तानांच्या मुलीचा फोन आला. बाबांच्या तोंडातून रक्त आलं, हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, जबड्यात गाठ निघालीय, उद्या ऑपरेशन. तिचा आवाज घोगरा झाला होता. डॉक्टरांनी विचारलंय, आधीचे साचे कुणाकडे असतील तर हवेत, पूर्वी जबडा कसा होता ते बघायचंय. "काका, तुमच्याकडे असतील ना?"

असतील, असं दातवाले म्हणाले.

दुसरा साचा द्यायचा नाही, असं त्यांच्या आधी मनात आलं. पण कवळी नंतर दुरुस्त झाली हे मुलीला माहीत होतं, ती तो मागितल्याशिवाय राहिली नसती. भर दुपारी, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं असताना, त्यांनी तो साचा हातात घेतला. कानशीचे चार-पाच फटकारे, मग सँडपेपर, मग ओल्या बोटाने प्लास्टरचा पातळ हात. उंचवटा गेला. तिथे हिरडीचा साधा गोलावा आला, असा की बनवणाऱ्यालाही संशय येऊ नये. हात नेहमीच्या कामासारखेच चालले. याचंच त्यांना नंतर नवल वाटलं.

हॉस्पिटलची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. कप्तान उशीला टेकून बसले होते. एक गाल सुजून चकाकत होता, बोलणं तोंडातल्या तोंडात येत होतं. मुलगी खिडकीशी उभी होती. दातवाल्यांना पाहताच कप्तानांनी गादीखालून रुमाल काढला.

"मी मेलो नाहीये अजून," ते म्हणाले. "पण घे. उद्या उठलो नाही तर हिला काय कळतंय, ही टाकून देईल."

दातवाल्यांनी नको म्हटलं. कप्तानांनी रुमाल त्यांच्या खिशातच कोंबला.

"आणि जिवाला लावून घेऊ नकोस. डॉक्टरांना मी सांगितलंय, माझा मित्र या कामातला माणूस आहे, त्याने स्वतः बोट फिरवून बघितलं तेव्हा काही नव्हतं. तू काही नाही म्हणालास म्हणून तर मी निर्धास्त होतो."

खिशातलं झाकण दातवाल्यांच्या मांडीला लागत होतं. कितीतरी वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते अखेर मिळालं होतं, आणि त्यांना इथून जिना उतरून पळत सुटावंसं वाटत होतं.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही साचे उजेडाकडे धरले, दुसऱ्यावरून अंगठा फिरवला, तो किती जुना ते विचारलं. दातवाल्यांनी सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी मुलीला जवळ बोलावलं.

"म्हणजे एवढ्यात हे शून्यातून इथवर आलंय," ते म्हणाले. "मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच झपाट्याने पसरणारं आहे. मग थोडक्यात भागवता येणार नाही. खालचा जबडा या बाजूने पूर्ण काढावा लागेल, आणि जिभेचाही भाग. बोलणं जवळजवळ जाईल. पण जीव वाचवायचा तर धोका नको."

मुलगी पलंगाच्या कडेला बसली. कप्तानांनी तिच्या हातावर थोपटलं आणि, चालेल, तसाही मी फार बोलतो, असं काहीसं पुटपुटले. डॉक्टर जायला वळले.

दातवाल्यांना आता फक्त गप्प राहायचं होतं. तेवढं तर ते कित्येक महिने राहत आलेच होते.

"डॉक्टर, थांबा," ते म्हणाले. "तो साचा मी घासलाय."

डॉक्टरांना आधी काही समजलंच नाही. दातवाल्यांना सगळं सांगावं लागलं. गाठ तेव्हाच होती, बोटाला लागली होती, साच्यावर उमटली होती. ती टोचू नये म्हणून त्यांनीच कवळी कोरली. आज दुपारी त्यांनीच ती साच्यावरून काढून टाकली. सांगताना ते भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघत होते. मुलीने का, एवढंच विचारलं.

"केवढी होती?" डॉक्टरांनी करड्या आवाजात विचारलं. "नीट आठवून सांगा."

"हरभऱ्याच्या डाळीएवढी. कडा खरखरीत होत्या."

डॉक्टर साचा घेऊन घाईने बाहेर गेले. म्हणजे हे तितक्या झपाट्याने वाढणारं नाही, निम्मा जबडा तरी वाचेल, असं ते दारातून मुलीला म्हणाले, पुन्हा सगळं तपासतो म्हणाले. ती त्यांच्यामागे धावली. खोलीत दोघेच राहिले.

मुलीने विचारलेलं का, ते कप्तानांनी विचारलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं. जो मागे राहील त्याची, हे त्यांचेच शब्द होते. त्यांनी दातवाल्यांकडे बघितलं, सुजल्या गालावरचा डोळा अर्धाच उघडत होता. मग त्यांनी पलंगावरून हात पुढे केला, तळवा वर करून.

दातवाल्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्या तळव्यावर ठेवला. कप्तानांनी मूठ मिटली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.