नऊ ओव्हर मी उभा होतो

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी अण्णांच्या गोठ्यात बसून चहा घेतला. प्लास्टिकच्या कपातून.

आधी आमचे कप वेगळे असायचे. गोठ्याच्या भिंतीत देवळी होती, तिथं पालथे ठेवलेले. दांडी तुटलेले दोन कप, एक माझा आणि एक इंदूचा. इंदू म्हणजे माझी बायको. कप आम्हीच विसळायचे, आम्हीच परत ठेवायचे. चहा वरून ओतायचे, किटली कपाला लागू द्यायची नाही. तीस वर्षं असंच. मग घरात धाकटी सून आली, कोल्हापूर शहरातली, कॉलेज शिकलेली. देवळीतले कप बघून तिला लाज वाटली. खरोखर वाटली, मी तिला खोटं म्हणत नाही. तिनं ते कप उकिरड्यावर टाकले आणि शहरातून प्लास्टिकच्या कपांची चळत आणली. प्यायचा आणि फेकायचा. घरातली माणसं स्टीलच्या पेल्यातनंच पीत होती. पण गावात कौतुक झालं, अण्णांच्या घरात आता भेदभाव न्हाय.

इंदूनं कप उन्हात धरला आणि म्हणाली, "अवो, लई सुधारणा झाली. आधी आपला कप वेगळा हुता. आता आपल्या तोंडाचा कप ठेवतच न्हाईत."

मी हसलो. तिनं कप चुरगाळला, शेणाच्या पाटीत टाकला, विळा घेऊन उठली. आमचं दोघांचं सोबत बसणं तेवढंच शेवटचं.

मी तिसरी शिकलेला माणूस. अण्णा गावातले मोठे बागायतदार, दूध संस्थेचे चेअरमन. त्यांच्या गोठ्यात शेण आम्ही काढायचं, धार त्यांनी काढायची. वैरण आम्ही कापायची. आमचा हात म्हशीच्या तोंडाला चालायचा, सडाला चालत नव्हता.

त्या दिवशी रविवार होता. दुपारी मळ्यात गवत कापत होतो. पेंढी उचलताना इंदूनं हात झटकला. "कायतरी टोचलं," म्हणाली. मी पेंढी बाजूला केली. घोणस. जाडजूड. सावकाश बांधाच्या बिळात गेली. इंदूच्या मनगटावर दोन टिपके. मी तिच्या पदराची चिंधी फाडून दंडाला बांधली.

अण्णांचं घर मळ्यातच, दोनशे पावलांवर. तिथं जीप. गावात दुसरी गाडी नव्हती. थोडं चालवलं, मग तिला पाठीवर घेतलं. फाटकाजवळ लिंबाखाली बैलगाडी सोडून ठेवली होती. तिच्या आडोशाला सावलीत तिला बसवलं आणि मी अंगणात गेलो.

गेलो आणि उभा राहिलो.

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगतो. त्या घरी आमच्या माणसानं हाक मारायची नाही. अंगणात एक आडवा दगड आहे, त्याच्या अलीकडं उभं राहायचं. घरातल्या कुणाची तरी नजर पडते, मग ते विचारतात, काय रे. मग बोलायचं. मी सहा-सात वर्षांचा असताना माझ्या बापानं मला त्या दगडाजवळ नेऊन उभं करून शिकवलं होतं. हाक मारायची न्हाय, खोकायचं न्हाय, फकस्त उभं ऱ्हायचं. छप्पननंतर आमच्या वस्तीनं धम्म घेतला. बापानं घरातले देव उचलून पंचगंगेत सोडले. मी सोबत होतो. देव सोडून बाप मागं न बघता घाट चढला. पण तो दगड काही आम्हाला सोडता आला नाही. तो आमच्या घरात नव्हताच, पायात होता.

घरात टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालली होती. सगळं घर टीव्हीपुढं. मी अंगणात पाय टाकला आणि आपला पहिला गडी आऊट झाला. घरातनं एकदम ओरडा झाला. हे मला पक्कं आठवतं. अण्णा खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वळवली, मला बघितलं, हात वर केला. थांब. आणि मान परत टीव्हीकडं.

दर रविवारी मी शेळीसाठी गवताचा भारा मागायला जायचो. त्यासाठीच आलाय असं त्यांना वाटलं असणार. इंदू बैलगाडीच्या आड होती, खिडकीतनं दिसत नव्हती.

मी मनात अण्णा, अण्णा म्हणत होतो. तोंडातनं आवाज आला नाही.

किती वेळ, ते तेव्हा कळलं नाही. मग घरात टाळ्या वाजल्या, शिट्टी वाजली. कुणाचे तरी पन्नास झाले होते. धाकटी सून वाळलेले कपडे काढायला बाहेर आली. तिची नजर फाटकाकडं गेली आणि ती ओरडली. त्यानंतर सगळं भराभर झालं. अण्णा अनवाणी धावत आले. जीप त्यांनी स्वतः चालवली, जोरात चालवली. तेही खरं आहे. कोल्हापूर आलं तेव्हा इंदूच्या हिरड्यांतनं रक्त येत होतं. दवाखान्यात तासाभरानं ती गेली.

डॉक्टर म्हणाला, "उशीर केलात."

मी विचारलं, "किती?"

"ते कसं सांगणार? अर्धा-पाऊण तास आधी आणली असती तर काही करता आलं असतं. वाचलीच असती असं नाही म्हणत मी."

दवाखान्याच्या आवारातच आमचा पुढारी आला. आमच्यातलाच, शाहूपुरीत त्याचं ऑफिस. माझ्याशेजारी फरशीवर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा, तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो," म्हणाला. त्यानं अर्ज लिहिला, मी सही केली. न वाचता. मला तेव्हा कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली असती तरी दिली असती.

पाचव्या दिवशी अण्णा आमच्या वस्तीत आले. जन्मात पहिल्यांदा. खुर्ची सोबत माणसाच्या डोक्यावर आणली होती.

"तिची वेळ भरली हुती," म्हणाले. "म्या तुला बघितलंच न्हाय रे. बघितलं असतं तर धावलो नसतो?"

मी म्हणालो, "तुमी हात केला."

"कसला हात? माशी हाकलली असंल." मग खुर्ची जरा पुढं ओढली. "पोराला संस्थेत चिकटवतो. तू एवढंच म्हण, आल्याआल्या अण्णांनी गाडी काढली. संपलं. गावात शांतता पाहिजे का नको?"

गावात शांतता. पंधरा दिवसांत गावाचे दोन तुकडे झाले. आमचं दूध संस्थेत घेईनात. आमच्या पोरांनी वरच्या गल्लीतनं जायचं बंद केलं. तिकडं म्हणत, म्हातारी घरीच मेली, ह्यांनी मढं आणून अंगणात ठेवलं. इकडं म्हणत, जातीवरनं शिव्या देऊन हाकलली. दोन्हीकडची माणसं छाती ठोकून सांगत होती. तिथं उभा होतो मी एकटा. मला कुणी विचारत नव्हतं. एकदा टीव्हीवाले आले. त्यांच्यातल्या एका पोरानं माझ्या तोंडापुढं माईक धरला, "बाबा, एका वाक्यात सांगा. गाडी दिली की नाकारली?" मी म्हणालो, एका वाक्यात न्हाय बसत ते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, दुसरीकडं काहीतरी मोठं झालं होतं, गाडी वळवून गेले. आमची माणसं माझ्यावर चिडली, सांगितलं का न्हाय. तिकडची माणसं म्हणाली, म्हातारा शहाणा हाय, बोलला न्हाय.

माझा मुलगा मिलिंद, शिरोलीला फाउंड्रीत कामाला आहे. त्यानं अर्जाची झेरॉक्स पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. एका दुपारी मी ती काढली आणि वाचायला बसलो. शब्दावर बोट ठेवून. उंबऱ्यात बसलो होतो, ऊन पायावरनं भिंतीवर गेलं तेव्हा संपलं. त्यात लिहिलं होतं, अण्णांनी जातिवाचक शिवीगाळ केली. जीप देण्यास साफ नकार दिला. मला ढकलून दिले.

त्या पुढाऱ्याचा राग खरा होता. कागद खोटा होता.

शिवी दिली असती तर मला सोपं झालं असतं. मी वळलो असतो, दुसरीकडं धावलो असतो, रस्त्यावर आडवा पडून एखादा ट्रक थांबवला असता. ढकलला असता तर कदाचित मीही ओरडलो असतो. त्यांना ह्यातलं काहीच करावं लागलं नाही. नुसता हात वर करून भागलं. एवढी मोठी गोष्ट, आणि ती कागदात नव्हतीच.

मला वेळ पाहिजे होता. घड्याळातला, नेमका. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात गेलो. तिथं चार पोरं रिकामी बसलेली, मॅचचं सगळं पाठ असलेली.

मी विचारलं, "त्या रविवारची मॅच. आपला पयला गडी आऊट झाला, तितनं फुडं आपल्या गड्याचे पन्नास हुईस्तवर किती ओव्हर झाल्या?"

सगळी हसायला लागली. एक म्हणाला, "म्हातारी गेली आन् म्हाताऱ्याला क्रिकेटचा नाद लागला की!"

"सांग की लेका."

दुसऱ्यानं बोटं मोजली. "चौथ्या ओव्हरला पयला गेला. पन्नास झाले तेराव्यात. नऊ धरा."

"नऊ म्हंजी घड्याळात किती?"

"अर्ध्या तासाच्या वर. चाळीस मिनिटं म्हणा."

न्हावी वस्तरा घासायचा थांबला होता. माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं, बाकीच्यांना नाही.

संध्याकाळी मिलिंद कामावरनं आला. मी म्हणालो, "उद्या ठाण्यात जातो. अर्ज खोटा हाय. खरं सांगून येतो."

त्यानं डबा आपटला. "आप्पा, डोस्कं फिरलं काय? त्यांना सोडवाय निघालास?"

"सोडवाय न्हाय. खरं सांगाय."

"खरं काय? त्यांच्यामुळंच आई गेली ना?"

"व्हय."

"मग शिवी दिली काय आन् न दिली काय? सगळी जातच तसली हाय. आन् असली केस एकदा पातळ झाली की फुडच्या दहा बायकांचं कोण ऐकणार हाय? आमचं सगळं खोटंच असतं असं म्हणतील, तुझं नाव घेऊन."

हे त्याचं खरं होतं. आजही ते मला खोडता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "त्या कागदात त्यांचा हात न्हाय, तो दगड न्हाय. शिव्या खोट्या ठरल्या की ते सुटतील आन् दगड तितंच ऱ्हाईल. मला तो कागदावर पायजे."

"आन् तू? तू कुठं हाईस त्या कागदावर?"

वर मी एक गोष्ट गाळली. लिहिताना हात वळला नाही. मिलिंदलाही तोवर सांगितली नव्हती.

इंदू बोलली होती. फाटकाजवळनं, गाडीच्या आडनं. दोनदा. "अवो, हाक मारा की." मी मागं वळून तिला हातानंच खुणावलं. थांब. अण्णांनी मला केला होता तसाच हात. मग ती थोड्या वेळानं परत म्हणाली, आवाज बारीक झाला होता. "अवो, मारा की हाक." मी दगडाच्या अलीकडं उभाच.

हे मी मिलिंदला सांगितलं. तो खाली बसला. मग म्हणाला, "हे नगं सांगूस कुणाला."

"का?"

"तुला जगू देणार न्हाईत. आपलीच माणसं."

"जगून काय करायचंय ह्यावर पांघरूण घालून?"

तो उठून बाहेर गेला. त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं तालुक्याला गेलो. ठाण्यात हवालदार होता. मी म्हणालो, जबाब द्यायचाय.

"दिलाय की एकदा."

"तो माझा न्हवता. सही माझी हुती."

त्यानं मला वर-खाली बघितलं. "कुणी पाठवलं? अण्णांनी?"

"कुणी न्हाय."

मी सगळं सांगितलं. कपापासनं. रीत सांगितली, दगड सांगितला, माझ्या बापानं कसं शिकवलं ते सांगितलं. गडी आऊट झाला ते आणि पन्नास झाले ते. अण्णांनी मला बघितलं, हात केला, काय झालंय विचारलं नाही. शिवी दिली नाही. ढकललं नाही. कळल्यावर गाडी काढली. इंदू दोनदा म्हणाली तेही सांगितलं.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "बाबा, हात वर करायला कुठलं कलम लावू मी?"

"कलम तुमी हुडका. झालं ते मी सांगतोय."

"दोन्हीकडनं मार खाशील."

"खातो."

त्यानं लिहिलं. दोन कागद भरले. सही करायला माझ्याकडं सरकवले. मी सही केली नाही, वाचायला घेतलं. बोट ठेवून, एकेक शब्द. तो दोनदा उठून बाहेर जाऊन आला. मी घाई केली नाही. दुसऱ्या कागदावर बोट थांबलं. त्यानं लिहिलं होतं, 'मी वारंवार विनंती करूनही.'

मी म्हणालो, "हे काढा."

"अहो, तुमच्याच बाजूनं लिहिलंय. असंच लिहायची पद्धत असते."

"इनंती केली न्हाय मी. हाक मारली न्हाय. बायको दोनदा म्हणाली तरी मारली न्हाय. तसं लिव्हा."

त्यानं खोडलं. माझ्याकडं न बघता तसं लिहिलं. मी ते परत वाचलं.

मग सही केली.