वालावरचा मावा

आमच्या खारघरच्या सोसायटीत लोकांना किड्याची जेवढी किळस येते, तेवढी विषाची येत नाही. माझं डोकं फिरतं ते तिथेच.

सुनेला दिवस गेले तेव्हा मी गच्चीवर ड्रमांत वाल आणि वांगी लावली. तिच्या पोटात औषध न मारलेली भाजी जावी, एवढाच माझा हट्ट. वांग्याचा शेंडा सुकला की आतल्या अळीसकट खुडून टाकायचो, अधूनमधून निंबोळीचा अर्क फवारायचो. थंडी पडली तसा वालावर काळा मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, चढला, कोवळ्या शेंड्यांवर नुसता थर. पाठोपाठ लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे आले आणि मावा फस्त करू लागले. म्हटलं, आता अर्कही नको, यांनाच जेवू दे. बायको वर आली की नाकाला पदर लावायची.

"शी! हे आपण खायचं?"

"जरा दम धर," मी म्हणायचो.

भोगीच्या आदल्या दिवशी मला गावी जावं लागलं. सणाला परतलो तो थेट गच्चीवर. वेल स्वच्छ, आणि ढालकिडे सगळे मातीत उताणे. पानांना आमच्या मोरीत औषध मारल्यावर येतो तोच घाण वास. समोरच्या फ्लॅटमधली बाई शेंगा खुडत होती.

"काका, मस्त क्लीन झालंय! काल पेस्ट कंट्रोलवाला आलेला ना वरती."

"अहो, ते झुरळांचं औषध! टाका त्या शेंगा."

"मिठाच्या पाण्यात धुते. टेन्शन नका घेऊ, ऑरगॅनिकच आहे ना!"

असल्या शहाणपणाशी वाद काय घालायचा? तिच्या हातातली पिशवी हिसकावून मी ओतून टाकली आणि तरातरा खाली आलो.

घरात तिळाचा खमंग वास सुटला होता. सून जेवायला बसलेली, ताटात बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी.

"यातल्या शेंगा कुठल्या?"

"आपल्याच, वरच्या. काल संध्याकाळी खुडल्या," बायको म्हणाली.

"त्या माणसाला वर कोणी पाठवलं?"

"मी. काल दुपारी घरात फवारून झालं, तर म्हटलं तेवढं गच्चीवरचंही मार. पोटुशी पोर आहे, तिला किड्यांनी बरबटलेलं घालू?"

मी सुनेचं ताट ओढून घेतलं. तिचा हात तसाच राहिला.

"बाबा," ती म्हणाली, "भाजी मी दुसऱ्यांदा घेतलीय."