बन्सीलालच्या ट्रकमधला पडदा

सुरतजवळच्या हजीऱ्याहून लोखंडाच्या पट्ट्यांची गुंडाळी भरायची आणि धुळ्याला नेऊन उतरवायची, यात बन्सीलालची तीस वर्षं गेली. ट्रक स्वतःचा, पण केबिनमध्ये रेडिओसुद्धा कधी लागला नाही. इंजिनाचा आवाज ऐकूनच गाडीचं दुखणं कळतं, असं तो म्हणायचा.

मुलीने, हर्षदाने, कारचा टचस्क्रीन स्टिरिओ पाठवला तेव्हा त्याचं खोकं खूप दिवस खाटेखालीच पडून राहिलं. शेवटी तिने फोनवर अबोला धरला. मग बन्सीलाल तो स्टिरिओ घेऊन उधन्यातल्या छगन इलेक्ट्रिशियनकडे गेला. छगनने सांगितलं की हे यंत्र बारा व्होल्टचं आणि ट्रक चोवीसचा. सरळ जोडलं तर धूर निघेल. त्याने मध्ये कन्व्हर्टर बसवला, डॅशबोर्डचा खण कापून रुंद केला आणि बन्सीलालचा फोन ब्लूटूथवर जोडून दिला. बन्सीलालचं जाड बोट एका चौकोनाला लागायचं आणि उघडायचा भलताच. दोन दिवसांत मात्र त्याला नकाशा मोठा करता येऊ लागला.

रविवारी ट्रक घराच्या खिडकीखालीच उभा होता. बन्सीलाल केबिनमध्ये फडक्याने स्टिरिओचा पडदा पुसत बसला होता. वर घरात बायको कुसुमने नेहमीसारखा त्याचाच फोन उचलून बहिणीला, रंजनाला, लावला. फोन जोडलेला होता ट्रकला. वर कुसुम नुसतीच हॅलो हॅलो करत राहिली आणि रंजनाचा अहिराणीतला आवाज खाली केबिनभर घुमला.

"ताई, दाजीले इचारं का? तुले ट्रकमा बसीसन जावानं व्हतं ना? तीस वरीस व्हयनात!"

बन्सीलालच्या हातातलं फडकं थांबलं. तीस वर्षं कुसुमने त्याला भाकरी बांधून दिली होती, दारापर्यंत येऊन निरोप दिला होता. तिला कधी सोबत यावंसं वाटत असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. ती बोलली नव्हती, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

"नही इचारं तिनी," तो हळूच म्हणाला. "आते मीच तिले इचारस."

पलीकडे रंजना हसत सुटली.

वर जाऊन त्याने कुसुमला सांगितलं, उद्या पहाटे भरून निघतोय, तूही चल. ती म्हणाली, घर कोण बघेल, लोक काय म्हणतील, नळाला पाणी परवा येणार. हे सगळं बोलता बोलताच तिने ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं.

सोनगडपर्यंत ती सीटची कड घट्ट धरून होती. त्यानंतर तिने पडद्याचा ताबा घेतला. तिची बोटं बारीक, एका स्पर्शात नेमका चौकोन उघडायचा. नकाशावर तिने आपलं माहेर शोधून काढलं आणि अजून किती किलोमीटर राहिले ते दर पाच मिनिटांनी सांगू लागली. धुळ्याला माल उतरवल्यावर तिकडेही जायचं, हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. बन्सीलालने हूं म्हटलं.

नवापूरला चहासाठी गाडी थांबली. त्याने खाली उतर म्हटलं, तर ती हलली नाही.

"इथेच आणा," ती म्हणाली. "वरून छान दिसतंय."

बन्सीलाल दोन ग्लास घेऊन पायरी चढला.